निवळ पेल्यातला मासा

ससून डॉकवर मी पहिल्यांदा गेलो ते मासे घ्यायला नव्हे, तर १८७५ साली बांधलेल्या त्या गोदीचे जुने दगडी काम बघायला. त्याला आता वीस-बावीस वर्षे झाली. पहाटेचा लिलाव संपत आला होता. एका कोळणीपुढे मोठा घोळ मासा चिरून ठेवला होता आणि त्याच्या शेजारी ओल्या फडक्यावर वीतभर लांबीची, पिवळसर-पांढरी, जाडसर पिशवी वेगळी काढलेली होती. मी वाकून बघू लागताच ती म्हणाली, "ते बोत आहे, दादा. हात नको लावू. त्याचाच तर पैसा."

खातात का, असे मी विचारले. ती हसली. "आपण कशाला खातोय? वाळवून बाहेर जातं. डॉक्टर लोक त्याच्या धाग्यानं टाके घालतात. आणि गोऱ्यांची दारू साफ होते म्हणतात."

घरी येऊन मी ते वहीत टिपले. कुणी बोत म्हणतात, कुणी भोत. माशाच्या पोटातली ही हवेची पिशवी, तिच्या आधाराने तो पाण्यात वर-खाली होतो. पुढे मुंबईच्या किनारी व्यापारावर एक लहानसा लेख लिहिला, त्यात मी ठामपणे नोंदवले की वाळवलेली बोते आणि शार्क माशाचे पर हा सगळा माल सूपासाठी चीनला जात असे. दारूचा उल्लेख मी गाळला. कोळणीचे बोलणे मला ऐकीव वाटले आणि ऐकीव गोष्टी लिहायच्या नाहीत, असा माझा तेव्हा कडक नियम होता. मी इतिहासाचा पदवीधर नाही. औषधांच्या एका गोदामात पंचवीस वर्षे हिशेब लिहिले आणि उरलेल्या वेळात ग्रंथालयांतून जे शिकता आले ते शिकलो. अशा माणसाला पुरावा नसलेल्या वाक्याची जरा जास्तच भीती वाटते. तो पुरावा मला मिळाला तो दफ्तरखान्यात नाही, इंग्लंडमधल्या एका गॅरेजमध्ये.

*

२०१८च्या उन्हाळ्यात मी महिनाभर लीड्सला भाच्याकडे होतो. ताई आणि भाऊजीही तिथेच होते. भाच्याला घरी बिअर बनवण्याचा नाद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय असे काही करणे १९४९च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. ब्रिटनमध्येही एके काळी त्यासाठी परवाना लागत असे, पण १९६३च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो काढून टाकला आणि तेव्हापासून तिथे स्वतःपुरती बिअर घरी बनवायला कुणाला विचारावे लागत नाही.

गॅरेजमध्ये वीस-बावीस लिटरची झाकणाची बादली होती. जवाच्या माल्टचा काढा हॉप्स घालून उकळायचा, थंड करायचा, यीस्ट घालायचे आणि एकोणीस-वीस अंशांवर दहाएक दिवस आंबू द्यायचे. भाचा रोज नळीत थोडा द्रव घेऊन त्याची घनता मोजायचा. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तेव्हा म्हणाला, "मामा, आंबणं संपलं. आता खरं काम."

मला वाटले होते की आंबणे संपले म्हणजे बिअर झाली. बादलीत पाहिले तर ताकात हळद कालवल्यासारखा गढूळ द्रव. चव घेतली, तर कच्च्या पावाच्या पिठाची. भाच्याने बादली जुन्या फ्रिजमध्ये सरकवली आणि तापमान दोन अंशांवर आणले. त्याआधी त्याने झाकणावरची पाण्याची नळी काढून तिथे घट्ट बूच बसवले. द्रव थंड होताना आतली हवा आकसते आणि नळीतले पाणी व बाहेरची हवा आत ओढली जाते. तयार बिअरला हवा लागली तर तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. हे तो सहज सांगून गेला. या साऱ्यातले निम्मे ज्ञान असल्या बारीकसारीक खबरदारीचेच आहे.

मग त्याने फ्रिजच्या दारातून एक छोटी बाटली काढली. आत पातळ खिरीसारखे पांढुरके काहीतरी. "घाई असली की हे टाकतो. दोन दिवसांत काचेसारखी होते." बाटलीवर लिहिले होते : आयसिंग्लास. मी चष्मा लावून मागचे बारीक अक्षर वाचले. माशाच्या हवेच्या पिशवीपासून बनवलेले.

वीस वर्षांपूर्वीची ती कोळीण मला तिथे आठवली.

*

भाच्याने जे केले त्याला मराठीत नेमके क्रियापद आहे : निवळणे. गाळणे वेगळे, निवळणे वेगळे. गाळायला फडके लागते, निवळायला वेळ. पावसाळ्यातले गढूळ पाणी माठात भरण्यापूर्वी माठाच्या आतल्या बाजूवर निवळीचे बी उगाळण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी. संस्कृतात या झाडाला कतक म्हणतात. कतकाचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असा दृष्टांत मनुस्मृतीतही आहे. उगाळलेल्या बियांतले चिकट द्रव्य मातीच्या सूक्ष्म कणांना एकमेकांशी जोडते, त्यांचे गोळे होतात आणि ते तळाशी बसतात.

बादलीतही हेच घडते. साखर संपली की यीस्टच्या पेशी एकमेकींना चिकटून पुंजके करतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली मांडलेला नियम असा की द्रवात पडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो : व्यास दुप्पट, तर वेग चौपट. एकटी पेशी तरंगत राहते, पुंजका खाली येतो. थंडीने द्रव जरा दाटच होतो, म्हणजे खरे तर कण सावकाश पडायला हवेत. पण थंडीत यीस्ट झोपते, त्याचा बुडबुड्यांचा खेळ थांबतो आणि पुंजके बांधले जातात. शिवाय जवातली प्रथिने आणि साली व हॉप्समधली तुरट द्रव्ये थंडीत एकमेकांना धरतात. गार बिअरमध्ये जो धुरकटपणा येतो आणि पेला कोमट झाला की नाहीसा होतो, तो यांचाच. बिअर पिण्याच्या वेळी जितकी गार असेल त्याहून आधीच जास्त गार करून काही दिवस ठेवली, तर हा धूर तळाला बसतो आणि वरची बिअर अलगद काढून घेता येते. थंडीत मुरवणे म्हणतात ते हेच.

या थरांना नावे देण्याचे काम आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी झाले आहे. शार्ङ्गधरसंहिता या मध्ययुगीन आयुर्वेदग्रंथात सुरेच्या भांड्याचा जणू उभा छेद दिला आहे. सर्वांत वरचा स्वच्छ भाग प्रसन्ना. त्याखाली जरा घट्ट ती कादंबरी. त्याखाली जगल, त्याहून दाट मेदक. आणि आंबवण सुरू करणारे बीज ते किण्व. संस्कृतात 'प्रसन्न' म्हणजे मुळात निवळलेले; पाणी प्रसन्न असते, आकाश प्रसन्न असते, माणसाचे मन नंतर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणातही प्रसन्ना हा मद्याचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून येतो आणि मद्याचा रंग निवळावा म्हणून मधुकाच्या काढ्यात शर्करा मिसळण्याचा उपाय सांगितलेला आहे. कादंबरीचा दुसरा थर वाचताना मला हसू आले. दिवाळी अंकांच्या वाचकांना ती वेगळ्याच रूपात परिचयाची आहे; पण बाणभट्टाच्या नायिकेच्या नावालाही मद्याचा हा अर्थ जोडलेला आहेच.

*

निवळण्याचे दोन रस्ते युरोपात निघाले. एक थंडीचा, दुसरा माशाचा.

थंडीचा रस्ता बव्हेरियातला, आणि तो कायद्याने आखला गेला. १५१६ साली इंगोलश्टाटला ड्यूक विल्हेल्म आणि त्याचा भाऊ लुडविग यांनी बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचे नाही, असा हुकूम काढला. यीस्टचे नाव त्यात नाही, कारण ते काय आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते. हा हुकूम सर्वांना माहीत असतो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १५५३चा, ड्यूक आल्ब्रेख्तचा. त्याने उन्हाळ्यात बिअर बनवायलाच मनाई केली. २९ सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या सणापासून २३ एप्रिलच्या सेंट जॉर्जच्या सणापर्यंत काय बनवायचे ते बनवा. उन्हाळ्यात बिअर नासत होती, एवढेच त्यामागचे कारण.

परिणाम मात्र हुकूम काढणाऱ्याच्या कल्पनेपलीकडचे झाले. उन्हाळाभर पुरेल अशी बिअर मार्च-एप्रिलमध्येच बनवून ठेवणे भाग पडले. त्यासाठी डोंगरउतारात आणि जमिनीखाली तळघरे खोदली गेली, थंडीत तळ्यांचा बर्फ कापून त्यांत रचला गेला. जिथे तळी नव्हती तिथे लाकडी मांडव उभारून त्यावर रात्रभर पाणी शिंपडत. सकाळी लोंबणारे बर्फाचे सुळे तोडून तळघरात भरत. छतावर सावली हवी म्हणून वर घोडचेस्टनटची झाडे लावली : पाने रुंद आणि मुळे उथळ, म्हणजे खालच्या कमानींना धोका नाही. त्या सावलीत लोक बसू लागले, तळघरातूनच ताजा मग मागू लागले. शहरातल्या खानावळवाल्यांनी ओरड केली तेव्हा १८१२ साली राजा पहिला माक्सिमिलियन याने तोडगा काढला : तळघरवाल्यांनी बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला काही देऊ नये. म्हणून बव्हेरियातल्या बिअरबागेत आजही लोक घरून डबा आणतात.

या तळघरांत दुसरीही एक निवड होत होती, आणि ती कुणी करत नव्हते. थंडीत बहुतेक यीस्ट झोपते. जे जागे राही तेच पुढच्या खेपेला वापरले जाई. शतकानुशतके असे होत गेले आणि थंडीत काम करून तळाशी बसणारे एक यीस्ट उरले. ते दोन जातींचा संकर आहे. एक नेहमीचे पाव-बिअरचे यीस्ट, दुसरी थंडी सोसणारी रानटी जात. ही दुसरी जात शास्त्रज्ञांना २०११ साली सापडली ती युरोपात नव्हे, तर दक्षिण अमेरिकेतल्या पाटागोनियाच्या जंगलात, पुढे तिबेटमध्येही. जर्मनमध्ये साठवण्याला 'लागर्न' म्हणतात. आपण दुकानात मागतो ती लागर बिअर म्हणजे शब्दशः साठवणीची बिअर.

कोपनहेगनच्या याकोब्सेनची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८४५ साली त्याने म्युनिकच्या स्पाटेन बिअर कारखान्यातून हे यीस्ट पत्र्याच्या डब्यांतून नेले. घोडागाडीचा प्रवास लांबचा, यीस्ट उबेने मरणार. म्हणून प्रत्येक थांब्यावर उतरून तो डब्यांवर गार पाणी ओतत असे, असे सांगतात. दोन वर्षांनी त्याने काढलेला कारखाना म्हणजे कार्ल्सबर्ग. त्याच्याच प्रयोगशाळेत १८८३ साली एमिल हान्सेनने यीस्टची एकेक पेशी वेगळी करून शुद्ध वाण वाढवण्याची पद्धत बसवली.

स्पाटेनचाच गाब्रिएल सेडलमायर १८३३ साली व्हिएन्नाच्या आंटोन ड्रेयरबरोबर इंग्लंडात हिंडला होता. तिथल्या कारखान्यांत पाहुणे म्हणून जायचे आणि आत झडप बसवलेल्या पोकळ काठीत आंबणाऱ्या द्रवाचे नमुने चोरून आणायचे, असा त्यांचा उद्योग. थर्मामीटर आणि घनतामापक कसे वापरायचे हे ते इंग्रजांकडून शिकले. एक गोष्ट मात्र त्यांनी नेली नाही. मासा.

*

इंग्लंडात बर्फाची तळघरे नव्हती. अठराव्या शतकात लंडनची काळी पोर्टर बिअर प्रचंड लाकडी टाक्यांत महिनोन्महिने ठेवत. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी म्यू कंपनीच्या कारखान्यातली अशी एक टाकी फुटली आणि शेजारच्या वस्तीतली आठ माणसे दगावली. साठवणे म्हणजे भांडवल अडकवणे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखानदारांनी ते सोडून दिले आणि आठवड्या-दोन आठवड्यांत गुत्त्यावर पोहोचणारी ताजी बिअर काढायला सुरुवात केली. ती पिंपात जिवंत यीस्टसह जाते, गाडीत हिंदकळते, आणि गुत्त्याच्या तळघरात एका रात्रीत निवळावी लागते. हे काम माशाची पिशवी करते. तिच्यातल्या कोलॅजेनवर आम्लात धन विद्युतभार असतो, यीस्टवर ऋण. दोघे मिठी मारून खाली बसतात. पिंप पुन्हा हलले तरी ते पुन्हा बसतात, हा मोठा गुण. कोलॅजेनची वीण मात्र उष्णतेने उसवते आणि नुसते जिलेटिन उरते, म्हणून पिशवी कधी शिजवायची नाही. आंबट बिअरमध्ये घालून गारच ठेवायची, हळूहळू विरघळू द्यायची.

सुरुवातीला ही पिशवी रशियाहून येई, स्टर्जन माशाची. आयसिंग्लास हा शब्दच डच भाषेतल्या 'स्टर्जनची पिशवी' या अर्थाच्या शब्दावरून आलेला. रशियन माल भयंकर महाग, म्हणून पर्याय शोधणारे पुष्कळ. १७७३ साली हम्फ्री जॅक्सन नावाच्या रसायनकाराने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात रशियन कृती उघड करून ब्रिटिश माशांपासून तोच माल बनवण्याची पद्धत छापली. हा गृहस्थ विद्वान आणि भोंदू यांच्या सीमेवरचा. डॉक्टर जॉन्सनचा स्नेही, साउथवर्कचा बिअरवाला हेन्री थ्रेल याला त्यानेच आदल्या वर्षी माल्ट आणि हॉप्सशिवाय बिअर बनवण्याच्या नादी लावून दिवाळखोरीच्या कडेला नेले होते. १७९५ साली विल्यम मर्डॉकने वाळवलेल्या कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला. गॅसच्या दिव्यांमुळे तो आज ओळखला जातो, पण लंडनच्या बिअर कारखानदारांच्या समितीने या माशाच्या कृतीसाठी त्याला दोन हजार पौंड मोजले. रशियन माल तेव्हा पौंडाला पंचवीस शिलिंग होता.

इथून गोष्ट आपल्या किनाऱ्याकडे वळते. १८४२ साली लंडनमध्ये जॉन फोर्ब्स रॉइल याचे एक पुस्तक निघाले; विषय, हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरचे आयसिंग्लासचे उत्पादन. रॉइल आधी सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख, नंतर लंडनच्या किंग्ज कॉलेजात औषधिद्रव्यांचा प्राध्यापक. त्याचे म्हणणे साधे होते. हुगळीच्या मुखाजवळच्या माशांच्या पिशव्या चिनी व्यापारी कधीपासून उचलत आहेत. मुंबईतून बोते आणि शार्कचे पर चीनला जातात. मग हाच माल नीट साफ करून इंग्लंडला का येऊ नये? ते पुस्तक मी पहिल्यांदा उघडले ते लीड्सहून परतल्यावर. माझ्या लेखातला निम्मा भाग, चीनचा, तिथे होताच. मी गाळलेला दुसरा भागही तिथेच होता, छापील.

पुढे तो व्यापार वाढला. उष्ण पाण्यातल्या माशाचे कोलॅजेन थंड पाण्यातल्या माशाच्या कोलॅजेनपेक्षा जास्त ऊब सोसते. म्हणजे बिअरवाल्याला कॉडपेक्षा आपल्या समुद्रातला मासाच सोयीचा. विसाव्या शतकात इंग्लंडच्या बिअर कारखान्यांना लागणारा बहुतेक माल उष्ण कटिबंधातून येऊ लागला : सायगाव, पेनांग, ब्राझील ही त्याच्या प्रतींची नावे पडली, आणि भारतातूनही घोळ, कोत, वाम अशा माशांची वाळवलेली बोते ब्रिटनला जात राहिली. प्रतीला नाव बंदराचे. मासा कोणता, कुणी पकडला, कुणाच्या सुरीने ती पिशवी न फाटता काढली, याचा पत्ता त्या नावात नाही. आणि न फाटता काढणे हेच त्यातले कसब. भोक पडले की भाव पडला. डॉकवरच्या बाईने मला हात लावू दिला नाही तो का, हे कळायला मला एवढा फेरा पडला.

*

पण मुळात निवळ बिअर हवीच कशाला? यीस्टने पोटाला अपाय होत नाही. चवीत फरक पडतो, पण म्हणावा तेवढा नाही. मला वाटते, उत्तर पेल्यात आहे. जोवर लोक लाकडी, मातीच्या, कथिलमिश्रित धातूच्या मगातून पीत होते तोवर आत काय आहे हे दिसतच नव्हते. सुमेरी लोक तर भांड्यात नळ्या बुडवून पीत, वरचा कोंडा तोंडात येऊ नये म्हणून. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काचेचा पेला गुत्त्यात आला. त्याच्या तीन वर्षे आधी, ५ ऑक्टोबर १८४२ रोजी, बोहेमियातल्या पिल्झन गावात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन कारागिराने फिकट माल्टची पहिली सोनेरी लागर केली. त्याच गावकऱ्यांनी १८३८ साली नासक्या बिअरची छत्तीस पिंपे चौकात ओतून दिली होती. काचेच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या मुलखातच आरपार दिसणारी बिअर निघाली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. पुढे १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने स्पाटेनसाठीच शीतयंत्र बनवले आणि तळ्यातला बर्फ कापायची गरज संपली. घरचा फ्रिज त्याच यंत्राचा वंशज.

आता फॅशन उलटली आहे. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातून निघालेली मुद्दाम गढूळ ठेवलेली हॉप्सची बिअर जगभर महाग विकली जाते. भाचाही एक बनवतो. संत्र्याच्या रसासारखी दिसते. मला आवडली नाही, पण तो वयाचा दोष असेल.

*

गॅरेजमध्ये मी ती बाटली वाचली त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर भाऊजींपुढे अर्धा पेला होता. भाऊजींनी जन्मात मांस-मासे शिवलेले नाहीत. मुलाच्या हातची म्हणून थोडी बिअर घेतात, एवढेच. सांगावे की नाही, हे मला कळेना. हे प्रकरण मी शोधले होते आणि त्याची किंमत दुसराच माणूस देणार होता. शेवटी सांगितले.

त्यांनी पेला खाली ठेवला. रागावले नाहीत. गोदामातल्या मालाची चौकशी करावी तशा आवाजात विचारले, "तो मासा खाली गाळात राहतो की वर येतो?"

"जवळजवळ सगळा गाळात, बाबा," भाचा म्हणाला.

"जवळजवळ."

"हो."

"आणि बाहेर पबमध्ये नेलंस तेव्हा?"

भाचा गप्प बसला. पिंपातली पारंपरिक इंग्लिश बिअर बहुधा माशानेच निवळलेली असते. बाटलीवर किंवा पाटीवर तसे लिहिण्याची सक्तीही नाही; माशाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी युरोपात जे लेबलचे नियम झाले त्यांतून बिअर आणि वाइन निवळण्यासाठी वापरलेले आयसिंग्लास वगळले गेले. शाकाहारी गिऱ्हाइकांनी अनेक वर्षे तगादा लावल्यावर डब्लिनच्या गिनेस कंपनीने २०१५ साली आपण हा वापर थांबवणार असल्याचे जाहीर केले. छोट्या कारखान्यांपैकीही बरेच आता समुद्री शेवाळ, सिलिका किंवा नुसती थंडी वापरतात.

ताई इतका वेळ ऐकत होती. ती मुलाला म्हणाली, "तू घाई कशाला करतोस? ठेव की महिनाभर."

भाच्याने ती खेप तशीच फ्रिजमध्ये ठेवली. माशाशिवाय. चौथ्या दिवशी वरचा तळहातभर भाग निवळला होता. दहाव्या दिवशी पेल्यामागे धरलेले वर्तमानपत्र वाचता येऊ लागले, तरी मथळेच. बाराव्या दिवशी त्याने वरची बिअर नळीने दुसऱ्या भांड्यात घेतली आणि बाटल्यांत भरताना थोडी साखर घातली. इतकी निवळ दिसली तरी तिच्यात बुडबुडे आणण्यापुरते यीस्ट उरलेलेच असते. मी परतलो तेव्हा बाटल्या तयार व्हायच्या होत्या. नंतर फोनवर कळले की भाऊजींनी अर्धा पेला घेतला.

आयसिंग्लासची उरलेली बाटली मी मागून घेतली, कपड्यांत गुंडाळून मुंबईला आणली आणि पुढच्या मे महिन्यात एका पहाटे ससून डॉकवर नेली. ती कोळीण आता येत नव्हती. तिच्या जागी सून बसत होती. घोळ नव्हताच. "आता कुठं मिळतोय?" ती म्हणाली. "गावला तर लिलावातच बोताचा भाव ठरतो, मासा मागनं." घोळ आता धोक्याच्या उंबरठ्यावरच्या जातींत मोडतो आणि २०२३ साली गुजरातने त्याला राज्यमासा ठरवले, हे मला नंतर वाचायला मिळाले.

मी बाटली दाखवली, सासूबाईंचे म्हणणे खरे होते हे सांगितले. तिने झाकण उघडून वास घेतला आणि मान हलवली. मग बाटली तिरकी करून पाहिली. लीड्सला हे द्रावण खिरीसारखे दाट होते. प्रवासात आणि माझ्या कपाटातल्या महिन्यांच्या उकाड्यात त्याची वीण उसवली असावी; आत पाण्यासारखे पातळ काहीतरी हिंदकळत होते. "यानं काय साफ होणार, दादा?" ती म्हणाली, आणि बाटली माझ्या हातात देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.